४५ एचपीला तीन फाळी पलटी नांगर ओढेल का?

शिवारातला_सोमा (मंगळवेढा)
१ एप्रिल, रात्री ९:४०

राम राम मंडळी. प्रश्न जुनाच आहे, पण माझ्या घरात तो नव्यानं पेटलाय.

माझ्याकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. टू व्हील ड्राइव्ह (फक्त मागची चाकं ओढतात), मागचे टायर १३.६-२८, सहा वर्षं जुना. आजवर पेरणी, रोटर (रोटाव्हेटर), ट्रॉली एवढंच केलं. नांगरट भाड्यानं करून घ्यायचो. एकरी दोन हजार-बावीसशे जातात आणि तरी नांगरवाला त्याच्या सोयीनं येतो. मागल्या वर्षी मे संपत आला तेव्हा आला. रान तापलंच नाही, कुंदा (खोल गाठींचं तण) जसाच्या तसा.

आता मेहुण्यानं त्याचा ६० एचपीचा ट्रॅक्टर विकला. त्याचा तीन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर वस्तीवर पडून आहे. "दाजी, घेऊन जा, नव्याच्या निम्म्यात देतो, पैसे दिवाळीला द्या" म्हणतो. वडील म्हणतात ट्रॅक्टरची वाट लागेल. शोरूमला फोन केला तर "आरामात ओढतो साहेब, फोर्टी फाईव्ह एचपी आहे." बायको म्हणते, मेहुणा एवढं स्वस्तात देतोय म्हणजे काहीतरी असणार. (तो तिचाच भाऊ आहे, हे लक्षात घ्या.)

रान सोळा एकर, सगळं भारी काळं. ज्वारी निघाली आहे. खरं काय ते सांगा.

---

बांधावरचा_बगळा
१ एप्रिल, रात्री ९:५२

ओढेल की. उताराला.

---

भीमाकाठ
१ एप्रिल, रात्री १०:१५

ओढतो ना भाऊ. आमच्या गावात ४२ एचपीला तीन फाळी लावलेला आहे. लो पहिल्या गिअरमध्ये चालवायचा, घाई करायची नाही. लोक उगाच घाबरवतात.

---

मिस्त्री_अण्णा
१ एप्रिल, रात्री १०:५८

@भीमाकाठ, तुमच्या गावातला तो ट्रॅक्टर बहुतेक माझ्याच गॅरेजला येत असेल.

सोमा, पंचवीस वर्षं ट्रॅक्टर खोलतोय. नांगरामुळं आलेले ट्रॅक्टर आवाजावरनं ओळखतो. तीन गोष्टी हमखास असतात. क्लच प्लेट जळालेली, कारण अडलं की ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून खेचतो. मागचे टायर दोन हंगामात गुळगुळीत. तिसरी महागाची, लिफ्टच्या (अवजार उचलायच्या हायड्रॉलिकच्या) पेटीला तडा. नांगर वर उचललेला, बांधावरनं ट्रॅक्टर धाडकन खाली उतरवला, सगळा हिसका त्या पेटीवर.

तीन फाळी पलटी म्हणजे तीन फाळ नाहीत हे आधी डोक्यात घ्या. तीन खाली, तीन वर, सहा झाले. वर पलटायचा सिलिंडर, दांडा, फ्रेम. साडेपाचशे किलोच्या आसपास लोखंड ट्रॅक्टरच्या मागं लटकतं. नांगर उचलल्यावर पुढची चाकं जमिनीला टेकतात की नुसती शिवतात, ते आधी बघा.

---

वऱ्हाडी_ठेचा
१ एप्रिल, रात्री ११:२०

आमच्या इकडं त्याले घोडा करणं म्हणते. पऱ्हाटीच्या वावरात एकानं केला होता. ट्रॅक्टर दोन पायावर, ड्रायव्हर तिसऱ्या वावरात. वाचला, पण आता बैलगाडीतही मागंच बसते.

---

अवजार_अभ्यासक (राहुरी)
२ एप्रिल, सकाळी ७:३०

कृषी अभियांत्रिकी शिकतोय, थोडं गणित मांडतो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

नांगराला लागणारी ओढ म्हणजे रुंदी गुणिले खोली गुणिले मातीचा विरोध. भारी काळ्या मातीला चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो धरू. वाळून दगड झाली असेल तर किलोच्याही वर जातो, पण वापसा आहे (ना फार ओली, ना कोरडी) असं समजू. फाळ १२ इंची, म्हणजे एकाची रुंदी ३० सेंमी. खोली २२ सेंमी, साधारण नऊ इंचाला थोडी कमी.

तीन फाळ: ९० × २२ × ०.७५ = जवळपास १४८५ किलो ओढ.
दोन फाळ: ६० × २२ × ०.७५ = ९९० किलो.

आता ताकद. किलोतली ओढ गुणिले वेग (मीटर प्रति सेकंद) भागिले ७५ म्हणजे एचपी. ताशी ४ किमी म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. तीन फाळाला साधारण २२ एचपी लागले, दोनाला साडेचौदा. हे दांड्यावरचे, म्हणजे प्रत्यक्ष ओढायला मिळणारे एचपी, इंजिनाचे नव्हेत. शेतातल्या मातीत इंजिनाच्या निम्म्याच्या आसपास दांड्याला पोचतात. ४५ चे झाले बावीस-चोवीस. म्हणजे कागदावर इंजिन तीन फाळालाही काठावर पास होतं. शोरूमवाला एवढ्यापुरता खोटं बोलत नाही.

पण ओढ येते चाकांच्या पकडीतून, आणि पकड येते वजनातून. टू व्हील ट्रॅक्टर नांगरटीत ढोबळमानानं स्वतःच्या वजनाच्या निम्मी ओढ देतो, मग चाक फिरायला लागतं. तुमचा ट्रॅक्टर दोन टनाच्या आसपास असेल. निम्मे म्हणजे हजार किलो. १४८५ कुठून आणणार? इंजिन गुरगुरत राहील आणि चाक जागेवर खड्डा करेल. दोन फाळाचे ९९० मात्र बसतात, तेही काठावरच.

---

बांधावरचा_बगळा
२ एप्रिल, सकाळी ७:४१

सकाळी साडेसातला गणित. मुलं पूर्वीसारखी राहिली नाहीत.

---

शिवारातला_सोमा
२ एप्रिल, सकाळी ८:०५

@अवजार_अभ्यासक, हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढं कशाला, मी परवाच सांगितलं होतं."

---

जुनी_खोड
२ एप्रिल, दुपारी १:१०

वडिलांचं बरोबर आहे. त्यांच्या पिढीला हे बैलांवरून माहीत होतं. आमच्याकडे मोठा नांगर सहा बैली होता, कधी आठही जुंपायचे. एका घरी एवढे बैल नसायचे, मग वारंगुळा. तुमची जोडी चार दिवस आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. आज्जा आधी बैल बघायचा, मग रान, आणि मग ठरवायचा कुठलं औत बाहेर काढायचं. नांगर स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी दोन बैलांना मोठा नांगर लावला नाही.

आणि लोखंडी नांगराचंही बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी हात लावेनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं असा समज. तो नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढं औंधच्या राजानं जागा दिली आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता उलटं झालंय. जेवढं लोखंड जास्त तेवढा शेतकरी मोठा.

---

ओढ्याकाठची_रुक्मी (केज)
२ एप्रिल, दुपारी २:४५

मी चालवते स्वतः, म्हणून लिहिते. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, सासरे थकले. दोन फाळी पलटी, ४७ एचपी.

पहिल्या वर्षी मीसुद्धा रडले होते. चाक फिरायचं, नांगर निम्म्या तासात (तास म्हणजे नांगराची चरी) वर यायचा, मागं बघावं तर कुठं नऊ इंच, कुठं चार. सगळे म्हणाले ट्रॅक्टर लहान पडतो, पन्नासच्या वरचा घ्या. शेजारगावच्या एका जुन्या ड्रायव्हरनं येऊन बघितलं. ट्रॅक्टरला हातही लावला नाही. खडूनं टायरच्या बाजूला एक रेघ मारली. नांगर वर उचलून, चाक दहा वेळा फिरेस्तोवर ट्रॅक्टर चालवायला लावला आणि टेपनं अंतर मोजलं. ४० मीटर. मग नांगर खाली टाकून परत दहा फेरे. २९ मीटर.

"ताई, शंभरातले सत्तावीस फेरे तुम्ही फुकट जाळता," म्हणाला. डिझेलही आणि टायरही.

मग मागच्या दोन्ही टायरांत पाणी भरलं आणि चाकांना बिडाची वजनं बसवली. पुन्हा मोजलं तर साडेचौतीस मीटर. म्हणजे चौदाच्या आत आलं. दहा ते पंधरा टक्के चालतं, तो म्हणाला. अगदी शून्य झालं तरी चांगलं नाही, मग ट्रॅक्टर उगाच जड झालाय आणि गिअर बॉक्सवर ताण येतो.

तोच ट्रॅक्टर, तोच नांगर. आता एकराला दोन तासांच्या थोडं वर लागतं आणि आठ-नऊ लिटर डिझेल. आधी अकरा-बारा जायचं.

---

शिवारातला_सोमा
२ एप्रिल, दुपारी ३:०२

ताई, टायरात पाणी? ट्यूबमध्ये? कसं भरतात? पंक्चरवाला हसला माझ्यावर.

---

मिस्त्री_अण्णा
२ एप्रिल, रात्री ८:३०

पंक्चरवाला बदला.

मागचं चाक जॅकवर उचला. वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) फिरवून सगळ्यात वर आणा. आतली पिन काढा, हवा जाऊ द्या. पाणी भरायचा एक छोटा अडॅप्टर मिळतो, त्यातनं भरताना आतली हवा बाहेर यायची सोय असते. पाइप लावा आणि भरत राहा. वॉलमधनं पाणी बाहेर आलं की थांबा. वॉल वर असल्यामुळं पाऊण टायर भरतो आणि वरचा पाव हवेला राहतो. तो राहिलाच पाहिजे, पूर्ण भरलात तर टायर दगडासारखा होतो. मग पिन लावून नेहमीएवढी हवा मारा. १३.६-२८ ला एका बाजूला दोनशे लिटरच्या आसपास जातं. म्हणजे दोन्ही मिळून चारशे किलो, जवळपास फुकटात.

ट्रॉलीचा हंगाम आला की काढून टाका. रस्त्यावर ते ओझं उगाच वागवायचं नाही.

पुढच्या वजनाच्या पट्ट्या विसरू नका. नांगर उचललेला असताना ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. नाहीतर स्टेअरिंग नुसतं शोभेला.

---

गडहिंग्लजकर
२ एप्रिल, रात्री ९:१५

मी थोडं वेगळं बोलतो. सगळे वजन वाढवा म्हणतात. वजन वाढवलं की माती दबते. तुम्ही नऊ इंच नांगरता आणि त्याच वेळी एक चाक तासात, म्हणजे नऊ इंच खालच्या मातीवर, अडीच टनाच्या ट्रॅक्टरचा भार घेऊन फिरतंय. दरवर्षी त्याच खोलीला. खाली थर बसतो, मुळी जात नाही, पाणी मुरत नाही. मग तो थर फोडायला सबसॉयलर आणा. त्याला अजून मोठा ट्रॅक्टर.

आम्ही उसाचा खोडवा मोडायला नांगर बंद केलाय. पाचट तसंच ठेवतो, खोडकी जमिनीलगत मारतो. चार वर्षं झाली. उत्पन्न पडलेलं नाही.

---

भीमाकाठ
२ एप्रिल, रात्री ९:३३

उसाचं सांगू नका हो मंगळवेढ्याच्या माणसाला. त्याचा कुंदा तुमच्या पाचटानं मरणार आहे का?

---

गडहिंग्लजकर
२ एप्रिल, रात्री ९:४०

नाही मरणार, हे कबूल. पण सोळाच्या सोळा एकरात कुंदा आहे का, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारावा.

---

जुनी_खोड
३ एप्रिल, सकाळी ६:५०

@गडहिंग्लजकर यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मंगळवेढ्याचं रान म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या खोल काळ्या रानात जुने लोक दरवर्षी नांगरट करतच नव्हते. उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती भेगांत पडते, पावसात रान फुगतं, पुन्हा वाळतं, पुन्हा फाटतं. काळं रान स्वतःच स्वतःला नांगरतं म्हणायचे. तीन-चार वर्षांतनं एकदा नांगर, तेही हरळी-कुंदा माजला तर. एरवी कुळवाच्या (वरवर माती हलवणाऱ्या औताच्या) पाळ्या.

दरवर्षीची पलटी ही रोटरनंतर आली. रोटर वरचे पाच-सहा इंच पीठ करतो आणि त्याच्या खाली थापी मारल्यासारखा गुळगुळीत थर सोडतो. तो फोडायला नांगर. म्हणजे एका अवजाराचं दुखणं दुसऱ्यानं काढायचं.

---

देवगडची_लेक
३ एप्रिल, सकाळी १०:२०

आमच्याकडे जांभा आणि पॉवर टिलर. हा धागा मी मालिकेसारखा वाचतेय. तो मेहुणा खलनायक आहे की नाही हे कधी कळणार?

---

दूरदेशी_दिगंबर (आयोवा)
३ एप्रिल, सकाळी ११:०५

इकडं पलटी नांगर आता फारसा बघायलाच मिळत नाही. शेजाऱ्याच्या खळ्यात एक गंजत पडलाय. मका आणि सोयाबीनला बरेच जण न नांगरताच पेरतात, किंवा नुसता चिझल मारतात. पण इकडची माती आणि इकडचा बर्फ वेगळा. बर्फ पडून-वितळून ढेकळं आपोआप फुटतात. तुमच्याकडे ते काम उन्हानं करायचं असतं, त्यामुळं इकडचं तिकडं लावू नका.

ट्रॅक्टरच्या मागं अवजार तीन बिंदूंवर अडकवायची आणि टॉप लिंकवरच्या (वरच्या बिंदूच्या दांडीवरच्या) दाबावरनं लिफ्ट आपोआप वर-खाली करायची, ही करामत हॅरी फर्ग्युसनची. त्याच्या आधी नांगर साखळीनं ओढायचे. खडकाला अडकला की ट्रॅक्टर मागं उलटून माणूस चिरडायचा. वऱ्हाडी भाऊंनी सांगितलेला घोडा शंभर वर्षं जुना आहे.

---

अवजार_अभ्यासक (राहुरी)
३ एप्रिल, दुपारी १२:४०

@दिगंबर यांनी टॉप लिंकचा विषय काढला ते बरं झालं. सोमादादा, तुमच्या लिफ्टला दोन लिव्हर आहेत ना? नांगराला कुठला वापरता?

---

शिवारातला_सोमा
३ एप्रिल, दुपारी १२:५५

एकच वापरतो. दुसऱ्याला टॉवेल अडकवतो.

---

अवजार_अभ्यासक (राहुरी)
३ एप्रिल, दुपारी १:३०

ज्याला टॉवेल अडकवता तोच नांगराचा आहे.

तुम्ही वापरता तो पोझिशन. अवजार ट्रॅक्टरच्या हिशेबानं ठराविक उंचीवर धरतो. रोटरला, पेरणीला ठीक. दुसरा ड्राफ्ट, काही जण एडीडीसी म्हणतात. नांगरटीत पोझिशनचा लिव्हर पूर्ण खाली सोडायचा आणि खोली ड्राफ्टच्या लिव्हरनं धरायची. माती घट्ट लागली की नांगर टॉप लिंकला पुढं ढकलतो, तिथली स्प्रिंग दबते, लिफ्ट नांगराला बोटभर वर घेते. त्या क्षणी नांगराचं आणि त्यावरच्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं. म्हणजे पकड हवी तेव्हाच वाढते. टायरात पाणी भरण्याआधी हे करून बघा, यात पैसे नाहीत.

लिफ्ट क्षमतेचंही एक. पत्रकावर १५००-१६०० किलो लिहिलेलं असतं ते खालच्या हातांच्या टोकाला. नांगराचं वजन टोकाच्या बरंच मागं असतं, आणि जेवढं मागं तेवढा लिफ्टवर भार. चाचणीत टोकापासून ६१० मिलीमीटर मागंही मोजतात, तो आकडा बघा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची चाचणी संस्था आहे, तिच्या अहवालात वजन लावून आणि न लावता ट्रॅक्टर किती किलो ओढतो हे स्वच्छ लिहिलेलं असतं. घेताना एचपी विचारतात सगळे, हा अहवाल मागत नाही कुणी.

---

भीमाकाठ
३ एप्रिल, दुपारी २:०५

बाळा, रानात अहवाल नाही ओढत.

---

ओढ्याकाठची_रुक्मी (केज)
३ एप्रिल, दुपारी २:२०

रानात क्लच प्लेटही नाही मिळत, दादा.

---

मिस्त्री_अण्णा
३ एप्रिल, रात्री ९:१०

@रुक्मी 😀

सोमा, एक मधला मार्ग सांगतो. मेहुण्याचा नांगर नीट बघून ये. काही तीन फाळीत मागचा फाळ फ्रेमला बोल्टवर असतो, वेल्डिंगवर नाही. तसा असेल तर मागची वरची-खालची जोडी पायासकट काढून टाक. शंभर किलोच्या वर वजन कमी होतं. नुसतं कमी होत नाही, ते सगळ्यात मागचं वजन असतं, म्हणून लिफ्टला आणि पुढच्या चाकांना त्याहून जास्त फरक पडतो. झाला दोन फाळी.

जाताना हेही बघ: फाळाची टोकं किती झिजलीत. बोथट फाळ जमिनीत घुसत नाही, मग लोक वर धोंडा ठेवतात. पान (माती पलटणारा वाकडा पत्रा) घासून चकचकीत आहे की गंजलंय, गंजलेल्या पानाला काळी माती चिकटते. पलटायचा सिलिंडर गळतो का. आणि मधली पिन हलवून बघ, ढिली असेल तर दर पलटीला हिसका.

---

माळरान
४ एप्रिल, सकाळी ८:१५

पलटीत एक गोष्ट कुणी बोललं नाही, चाकांचं अंतर. एक चाक तासात चालतं. ट्रॅक्टर ६० वरनं ४५ वर आला म्हणजे दोन्ही चाकांमधलं अंतरही बदललं असणार. ते नांगराशी जुळलं नाही तर पहिला फाळ एका बाजूनं बारा इंच घेतो, पलटल्यावर दुसऱ्या बाजूनं सोळा. रान मागून बघितलं की एक वरंबा उंच, एक बसका. आणि ट्रॅक्टर सारखा एका अंगाला ओढतो.

रुंद टायर घालतो म्हणणाऱ्यांनीही ऐका. १६.९ चा टायर जवळजवळ ४३ सेंमी रुंद, १२ इंची फाळाचा तास ३० सेंमी. तो टायर तासात मावतच नाही. नुकतीच पलटलेली माती तुडवत जातो. तुमचा १३.६ सुद्धा साडेचौतीस सेंमी आहे, थोडा चढणारच. चौदा इंची फाळाच्या तासात नीट बसेल, पण मग ओढ वाढली. कुठंतरी सोडावं लागतं.

---

वऱ्हाडी_ठेचा
४ एप्रिल, सकाळी ९:००

म्हणजे लग्नासारखंच आहे हे. पत्रिका जुळते, तासात मावत नाही.

---

देवगडची_लेक
४ एप्रिल, सकाळी ९:०४

विषयांतर होतंय. मेहुण्याचं काय झालं?

---

शिवारातला_सोमा (मंगळवेढा)
१३ एप्रिल, रात्री १०:२०

मंडळी, उशीर झाला, रानातच होतो.

पाडव्याला सासुरवाडीला गेलो नव्हतो, ते निमित्त काढून गेलो. नांगर बघितला. मागची जोडी बोल्टवरच होती. टोकं पार झिजलेली, सिलिंडर बरा. मेहुणा म्हणाला आधी नेऊन चालवून बघा, नाही पटला तर परत आणा. आणला.

पहिल्या दिवशी हट्टानं तीनही फाळ तसेच ठेवून लावला. मला बघायचंच होतं. रुक्मीताईंसारखी खडूनं रेघ मारली. मोकळ्यात दहा फेऱ्यांना ४० मीटर. नांगर टाकून चौथ्या फेऱ्यालाच चाक जागेवर, इंजिन मात्र अजून श्वास घेत होतं. अभ्यासकाचं गणित डोळ्यांनी बघितलं. वडील बांधावर बसले होते, काही बोलले नाहीत. फक्त तंबाखू मळायची थांबली.

दुसऱ्या दिवशी मागची जोडी काढली. बोल्ट गंजलेले, दीड तास गेला, एक कापावाच लागला. नवी टोकं टाकली. टायरात पाणी भरलं, पंक्चरवाला बदलला. टॉवेल दुसरीकडं ठेवला. चाकांचं अंतर बघितलं, डाव्या बाजूनं फाळ जास्त घेत होता, रिम उलटी करून बसवली.

दहा फेऱ्यांना ३४ मीटर. म्हणजे पंधरा टक्के. लो तिसऱ्यात चालतोय.

एक मात्र झालं. ज्वारी निघून महिना झालाय, वरच्या पट्टीत रान पार आवळलंय. तिथं दोन फाळालाही नांगर नुसता वर येतो, आणि आलीच माती तर चुलीएवढं ढेकूळ. तिथं थांबलो. खालच्या पट्टीत ओल होती, तिथं नऊ इंच सरळ गेला, तासाच्या तळाला कुंद्याच्या गाठी पांढऱ्या दिसत होत्या. गडहिंग्लजकर, तुमचं ऐकून कुंदा आहे तेवढंच नांगरलं, सहा एकर. वरच्या पट्टीला वळवाचा पाऊस झाला तर बघू, नाहीतर कुळवच.

---

मिस्त्री_अण्णा
१३ एप्रिल, रात्री १०:४५

वापश्याशिवाय वरच्या पट्टीला हात लावू नको. वाळलेल्या रानात ओढ दीडपट होते, तीन फाळ लावल्यासारखंच. कापलेल्या बोल्टच्या जागी साधा बोल्ट टाकू नको, हाय टेन्साइलचाच टाक.

---

गडहिंग्लजकर
१३ एप्रिल, रात्री ११:०२

दहा एकर वाचलं. एवढं पुरे मला.

---

बांधावरचा_बगळा
१४ एप्रिल, सकाळी ६:१०

दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांत वडिलांची तंबाखू परत सुरू झाली का?

---

शिवारातला_सोमा
१४ एप्रिल, सकाळी ७:२५

झाली. "मी परवाच सांगितलं होतं" असंही म्हणाले.

---

माळरान
१४ एप्रिल, सकाळी ८:४०

सोमा, ती काढलेली मागची जोडी कुठं आहे? नांगराचा फोटो टाक. १२ इंचीच असेल तर माझ्या नांगराचं एक पान पार फाटलंय, विकत घेतो.

---

शिवारातला_सोमा
१४ एप्रिल, सकाळी ९:१५

थांबा जरा. नांगर अजून मेहुण्याचाच आहे, आणि तो कापून बघितलाय हे त्याला सांगितलेलं नाही.